वस्तऱ्याचे मूळ गाव

‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न आपल्या सीमाभागात कोणाला चुकलेला नाही. उत्तर देताना आपण क्षणभर थांबतो. आडनावातले गाव एक असते, कुलदैवताचे दुसरे, आणि चार-पाच पिढ्या ज्या मातीत गेल्या ते तिसरेच. जुन्या वस्तूंचेही असेच आहे. त्यांतली एक वस्तू मी या लेखासाठी निवडली आहे. ती म्हणजे घडीचा वस्तरा.

बऱ्याच घरांत असा एखादा वस्तरा पणजोबांच्या चष्म्यासोबत किंवा जुन्या कागदपत्रांच्या पेटीत निघतो. त्याच्याबरोबर एक कथाही येते. कोणी म्हणते साहेबाने बक्षीस दिला, कोणी म्हणते पलटणीतून आला. अशी कथा टाकून देऊ नये, पण तपासल्याशिवाय धरूनही ठेवू नये. होमिओपॅथीत आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात की एका लक्षणावरून औषध ठरवायचे नाही, लक्षणांचा समुच्चय पाहायचा. वस्तऱ्याची परीक्षाही याच रीतीने करावी लागते.

प्रथम घडण पाहा. पाते मुठीला जिथे खिळ्याने जोडलेले असते तो जाड भाग म्हणजे बुंधा. त्याच्या मागे बोट टेकायला जी लांबोडकी शेपटी असते, ती अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना नसे किंवा अगदी आखूड असे. एकोणिसाव्या शतकात ती लांबली. आता पाते आडवे धरून टोकाकडून पाहा. ते पाचरीसारखे भरीव आणि वजनदार असेल तर घडण जुनी समजावी. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले आणि धारेकडे कागदासारखे पातळ झालेले असेल, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरलेली पद्धत. जर्मनीतल्या झोलिंगेन गावाने तीत विशेष नाव कमावले.

मग अक्षरे वाचा. इंग्लंडमधल्या शेफील्ड परिसरातील कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ ही संस्था १६२४ साली कायद्याने स्थापन झाली आणि प्रत्येकाच्या ठशाची नोंद ठेवू लागली. तारा आणि माल्टीज क्रूस दिसला तर नाव जोसेफ रॉजर्स. जुळ्या मुलांची आकृती झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याची, नोंद १७३१ सालची. अशा खुणा पाठ केल्या की काम संपले असे वाटते, पण खरी मदत होते ती अधिक साध्या शब्दांची.

‘कास्ट स्टील’ हे शब्द पाहा. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या सुमारास बंद मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. हे शब्द त्या पोलादाची जाहिरात होत. मुकुटाखाली ‘डब्ल्यू आर’ असेल तर ती राजा चौथ्या विल्यमची अक्षरे. त्याची कारकीर्द १८३० ते १८३७ एवढीच असल्याने वस्तऱ्याचे वय सात वर्षांच्या आत ठरते. ‘व्ही आर’ राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘जी आर’ मात्र फसवे आहे. जॉर्ज नावाचे राजे १८३० पर्यंत होते, आणि १९१० ते १९५२ या काळातही होते. तिथे अक्षरे सोडून पुन्हा घडणीकडे वळावे लागते. पाचरीसारखे पाते आणि आखूड शेपटी असेल तर पहिल्या जॉर्जांपैकी कोणाचा तरी काळ. खोलगट पाते असेल तर विसावे शतक.

देशाचे नाव हा तिसरा पुरावा. परदेशी मालावर शेफील्डचे नाव घालून विकणाऱ्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिथले कारागीर तक्रारी करीत होते. १८८७ साली ब्रिटनमध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा झाला, आणि हिंदुस्थानातही त्याच धर्तीचा कायदा १८८९ साली आला. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले. म्हणून पात्यावर नुसते ‘शेफील्ड’ असेल तर वस्तरा बहुधा त्याआधीचा, आणि ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर नंतरचा धरण्याचा प्रघात आहे. ‘मेड इन’ हे शब्द विसाव्या शतकात रूढ झाले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ पूर्वीचा तो असूच शकत नाही, मग घरची कथा काहीही सांगो. झोलिंगेन हे नाव तर १९३८ साली खास कायदा करून राखून ठेवले गेले. त्या गावात न घडलेल्या पात्यावर ते घालता येत नाही.

मुठीवर फार विसंबू नका. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग, लाकूड आणि १८७० नंतर सेल्युलॉइड असा तिचा क्रम सांगता येतो. माझ्यासारख्या जैन घरातल्या माणसाला यांतल्या काही मुठी हातात घेताना संकोच होतो, पण ओळख पटवायची तर पदार्थ नाकारून चालत नाही. अडचण वेगळीच आहे. मूठ फुटते आणि बदलली जाते. पाते इंग्लंडचे आणि मूठ इथल्याच कोणा कारागिराची, असा वस्तरा मुळीच नवलाचा नाही. खिळ्यांभोवती ओरखडे किंवा जादा भोके दिसली तर तशी शंका घ्यावी.

इतके केल्यावर तुम्ही म्हणाल, ‘शेफील्ड, १८३५च्या सुमारास’. बाजारभाव काढायला एवढे पुरते. वस्तऱ्याचे मूळ मात्र अजून हाती आलेले नाही, कारण कोरलेले नाव हे त्या पात्यावरून गेलेल्या अनेक हातांपैकी एकाचेच असते. काही वेळा तर ते नुसते विकणाऱ्याचे असते. शेफील्डमध्ये घडवणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. लोखंडसुद्धा तिथले नव्हे. उत्तम पोलादासाठी ते स्वीडनहून आणीत.

यांतल्या घासणाऱ्यांबद्दल डॉक्टर म्हणून थोडे सांगितले पाहिजे. फिरत्या दगडावर वाकून बसलेल्या या माणसांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई. त्या दम्याला तिथे ‘घासणाऱ्यांचा दमा’ असेच नाव पडले होते. शेफील्डचे डॉ. नाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे वर्णन केले. त्यांच्या अनुभवात कोरड्या दगडावर काम करणारा सरासरी जेमतेम पस्तिशीपर्यंत जगे, आणि ओल्या दगडावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडी. आपण आरशासारखे पाते पाहून वाहवा करतो, तेव्हा ती चकाकी अशा एखाद्या छातीच्या मोलाने आलेली असते. तिच्या मालकाचे नाव पात्यावर कधीच नसे.

आता ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द कोरलेला वस्तरा घ्या. त्यांचा माग काढीत गेलो की आपण फिरून आपल्याच मुलखात येतो. १७९४ साली मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ नावाच्या देशी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्याची परीक्षा करून १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्यातून चाकू घडवला. त्याला हे पोलाद इतके पसंत पडले की पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत तो वुट्झचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे अभिमानाने सांगू लागला. याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी, हिंदुस्थानी पोलादाचे मर्म शोधता शोधता, निरनिराळ्या धातूंचे मिश्रण करून पाहिले. १८२० आणि १८२२ सालच्या त्यांच्या निबंधांत पाचशे भाग पोलादात एक भाग चांदीचे मिश्रण उत्तम ठरले. तिथून ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव शेफील्डच्या पात्यांवर चढले. पुढे ते निव्वळ व्यापारी नाव बनले. पात्यात चांदी असेलच असे नाही. पण ही अक्षरे असलेले पाते १८२०च्या आधीचे नसावे एवढे ती नक्की सांगतात.

पिअर्सन यांच्या निबंधाचे शीर्षक ध्यानात घेण्यासारखे आहे. वुट्झ हे मुंबईत बनवलेले पोलाद, असे त्यात छापले आहे. मुंबई हे तर फक्त पाठवणीचे बंदर! हे पोलाद दक्षिणेत होत असे, तेलंगणात, म्हैसूरकडे, सेलमच्या बाजूला. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या कोनासमुद्रम् गावच्या भट्ट्यांचे वर्णन डॉ. व्हॉयसी यांनी लिहून ठेवले आहे, आणि तिथे इराणातल्या इस्फहानचे व्यापारी स्वतः पोलाद घ्यायला येत, असेही त्यात आहे. हंट्समनच्या कित्येक शतके आधीपासून आपल्या दक्षिणेत बंद मुशीत पोलाद होत होते. ‘वुट्झ’ हा शब्दसुद्धा कन्नड ‘उक्कु’चे बिघडलेले रूप मानतात. आपल्या शेजारी रोज बोलली जाणारी कन्नड त्या इंग्रजी शब्दात दडलेली आहे. भट्टीपाशी राबणाऱ्यांची नावे मात्र ना निबंधात आली, ना पात्यावर.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरात असा वस्तरा असेल तर घाईने घासूनपुसून चकचकीत करू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातात, आणि गेलेले अक्षर परत येत नाही. तेलाचा हलका हात फिरवा आणि कोरड्या जागी ठेवा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर इतर पोलादी वस्तूंपासून वेगळा ठेवा, कारण ते जुने झाले की त्यातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शेजारचे पोलाद गंजते. त्याने दाढी करण्याचा मोहही टाळा. जुन्या पात्याची जखम दवाखान्यापर्यंत आणते.

शेवटी एक चिठ्ठी लिहून सोबत ठेवा. तिचे दोन भाग करा. पहिल्यात डोळ्यांना दिसते तेवढेच लिहा: अक्षरे, चित्रे, पात्याची घडण, मुठीचा पदार्थ. दुसऱ्यात ऐकलेले लिहा: कोणाचा होता, कोणत्या गावी वापरला, घरी दाढीला येणारे नाभिक कोण होते, त्याला धार कोण लावीत असे. पहिला भाग शंभर वर्षांनंतरही कोणी जाणकार वाचून दुरुस्त करील. दुसरा मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांखेरीज कोणालाच ठाऊक नसतो. तेव्हा तो आधी लिहा, आणि ती माणसे आहेत तोवर लिहा.