नवशिक्याचे यंत्र

इंग्लंडातील हिरवळीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळांनी केले आहे. ती कापणाऱ्या हातांची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. १८३० पूर्वी हे काम लांब दांड्याच्या विळ्याचे होते. गवत दवाने ओले असते तोवर, भल्या सकाळीच ते उरकावे लागे. कारण सुके गवत पात्यापुढे लवते, नीट कापले जात नाही. जमिनीवर व्रण उठू न देता सारख्या उंचीवर गवत कापणे ही वर्षांच्या सरावाने हातात मुरणारी विद्या. तेथे नवशिक्याचे काय चालणार?

ही अडचण दूर केली ती गिरण्यांत काम करणाऱ्या एका यंत्रकारागिराने. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाचा मुलूख. कापडावरची लव कातरण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. जे लवेला चालते ते गवताला का चालू नये, असे एडविन बडिंग याच्या मनात आले. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले. जॉन फेराबी या कारखानदाराची त्याला साथ होती. यंत्र लोखंडी, १९ इंच रुंदीचे. मागचा रूळ जमिनीवरून फिरू लागला की दातेरी चाके ती गती पात्यांना देत, आणि पाती खालच्या स्थिर सुरीला भिडून कात्रीसारखे गवत कापीत. हातातली अचूकता अशी यंत्रात उतरली. शिकायचे उरले ते एवढेच: उंची नीट लावावी, गवत कोरडे पाहावे आणि एका चालीने ढकलीत जावे.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, उद्यानविद्येचा नामवंत लेखक जॉन लाउडन याचा जेन वेब हिच्याशी विवाह झाला. १८२७ च्या आपल्या कादंबरीत तिने वाफेचा नांगर कल्पिला होता. बागकामाचे मात्र तिला अक्षर ठाऊक नव्हते. पतीच्या हाताखाली ती सारे पहिल्यापासून शिकली, आणि नवख्याच्या अडचणी ठाऊक असल्यामुळेच १८४० मध्ये तिने स्त्रियांसाठी बागकामाचे धडे लिहिले. पुढे तिने बडिंगचे यंत्र हौशी मंडळींना सुचविले, साऱ्या अंगाला उत्तम व्यायाम होतो म्हणून. आणि पुष्कळ माळ्यांचे मन त्याविषयी कलुषित आहे, हेही नमूद केले.

माळ्यांच्या त्या मनाला केवळ पूर्वग्रह म्हणून सोडून देणे बरे नव्हे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत हे यंत्र आले, तेव्हा तेथल्या मुकादमाने ग्वाही दिली की एकाने ओढावे, दुसऱ्याने ढकलावे, की विळे-झाडू घेतलेल्या सहा-आठ जणांचे काम होते. बाकीच्या चार-सहा जणांनी काय करावे, याचा त्या हिशेबात उल्लेख नाही. यंत्र शिकायला नवशिक्याला एक सकाळ पुरली. विळा शिकण्यात गेलेली वर्षे मात्र त्यांना कोणी भरून दिली नाहीत.