समस्थानिक हाताळणारे हात: ट्रॉम्बे, परळ आणि नंदुरबार

१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्याच्या निदानासाठी आज वापरल्या जाणाऱ्या विद्राव्यता चाचणीत किंवा इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये किरणोत्सारी द्रव्याचा थेंबही लागत नाही. या विकाराचे ज्ञान मात्र समस्थानिकांच्या आधारे वाढले. एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगळ्या अणुभाराच्या रूपांना समस्थानिक म्हणतात, व त्यांतील अस्थिर रूपे किरणे उत्सर्जित करतात. क्रोमियम-५१ ची खूण लावलेल्या रक्तपेशींचा मागोवा घेतल्यावर विकारग्रस्त पेशी १२० दिवसांऐवजी दोन-तीन आठवडेच जगतात हे मोजता आले. पुढे १९७८ मध्ये कान आणि डोझी या संशोधकांनी गर्भातील सिकलसेलचे निदान डीएनएवरून करण्याचा मार्ग दाखवला, आणि अशा तपासणीत डीएनएच्या तुकड्यांना फॉस्फरस-३२ ची खूण लावली जात असे.

महाराष्ट्रात अशी द्रव्ये हाताळण्याच्या प्रशिक्षणाची परंपरा मुंबईतील ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून सुरू होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा आणि १९६० मध्ये सायरस या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्यावर अल्पायुषी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली, आणि ती वापरणाऱ्यांत अणुभौतिकीशी काडीचाही संबंध नसलेले वैद्य, जीवशास्त्रज्ञ व कृषिसंशोधक येऊ लागले. परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९७३ पासून किरणोत्सारी द्रव्यांच्या वैद्यकीय वापराची पदविका दिली जाऊ लागली. १९७१ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी कामाला चौकट घातली, १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आले, आणि २००४ च्या नियमांनी जुन्या नियमांची जागा घेतली.

प्रशिक्षणाचा खरा गाभा मात्र नियमांत नव्हे, तर प्रत्येक समस्थानिकाचा स्वभाव वेगळा असतो हे हातांना शिकवण्यात होता. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याची क्रियाशीलता निम्मी होण्याचा काळ, सुमारे १४ दिवसांचे असून त्याचे जोरकस बीटा कण सेंटिमीटरभर जाडीच्या ॲक्रिलिक पडद्यात अडतात. त्याऐवजी थेट शिसे लावले, तर कण शिशात मंदावताना क्ष-किरण निर्माण होतात, त्यामुळे शिसे जड म्हणून अधिक सुरक्षित हा सामान्य समज येथे उलटतो. आयोडीन-१३१ ची वाफ श्वासातून थायरॉइड ग्रंथीत साठते, म्हणून ते हवा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच उघडायचे. ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचे, बीटा कण मात्र इतके क्षीण असतात की ते ना छातीवरच्या किरणमापक बॅजवर नोंदले जातात ना सामान्य गायगर काउंटरवर. ते शोधण्यासाठी टेबल ओल्या कागदाने पुसून तो कागद द्रवप्रकाशक गणकात मोजावा लागतो आणि कर्मचाऱ्याच्या लघवीची तपासणी करावी लागते.

म्हणूनच प्रत्यक्ष द्रव्याला हात लावण्यापूर्वी तोच प्रयोग साध्या रंगीत पाण्याने करून पाहण्याचा सराव महत्त्वाचा ठरला: रंग कोठे सांडला, हातमोज्याचा स्पर्श दाराच्या मुठीला झाला का, हे तेव्हाच दिसते. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय सोडवणे, माणसांच्या सवयी पाहता, बहुधा भौतिकी शिकवण्याहून कठीण असावे. अल्पायुषी कचरा दहा अर्धायुष्ये साठवला की त्याची क्रियाशीलता हजारांश उरते, हा हिशेबही याच शिक्षणाचा भाग होता.

पुढे डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर तंत्र आणि प्रकाशमान रंगद्रव्ये आल्यावर जनुकीय तपासणीतील फॉस्फरसचे काम ओसरले. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या पातळीवर आज किरणोत्सर्गाशी संबंध येतो तो मुख्यतः क्ष-किरण कक्षात, आणि तेथील कर्मचाऱ्यालाही तोच नियम व तीच मर्यादा लागू आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात कमाल ३०. त्याच्या छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे शोषलेली किरणे तापवल्यावर प्रकाशरूपाने परत देणाऱ्या चकत्यांची पट्टी, संरक्षण करत नाही, केवळ मागाहून हिशेब देते. यंत्र बंद होताच तेथील किरणे थांबत असल्याने टेबल पुसून पाहण्याची ट्रॉम्बेतील सवय या कक्षाला लागत नाही; अंतर, आडोसा आणि वेळ यांची शिकवण मात्र तशीच लागते.