एमसीबी पडली नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, असं नाही

भिवंडी : यंत्रमागाच्या कारखान्यात सुताची धूळ आणि तंतू दिवसभर उडत असतात. वायर, स्विच, मोटर, सगळ्यांवर त्याचा थर बसतो. त्यात एखादा सांधा ढिला असला आणि तिथे ठिणग्या उडत राहिल्या, तर आग लागायला वेळ लागत नाही. मग प्रश्न येतो, "एमसीबी होती ना, मग पडली कशी नाही?"

एमसीबी कधी पडते?
एमसीबीला ठिणगी कळत नाही, फक्त करंट कळतो. १६ ॲम्पियरची 'सी' प्रकारची एमसीबी घेतली, तर मानकाप्रमाणे हिशोब साधारण असा :
• १८ ॲम्पियर : तासभर पडत नाही
• २३ ॲम्पियर : तासाच्या आत पडते
• ४१ ॲम्पियर : मिनिटाच्या आत पडते
• १६० ॲम्पियर (थेट शॉर्ट) : ०.१ सेकंदाच्या आत पडते

आता समजा, लाइनवर ८ ॲम्पियरचा लोड आहे. ढिल्या सांध्यातल्या ठिणगीतून ८ किंवा त्याहून थोडा कमीच करंट जातो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक. पण ठिणगीची उष्णता हजारो अंशांची असते.

आरसीसीबी काय करते?
३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी करंट जमिनीत गळला तर पडते, माणसाचा जीव वाचवते. पण सांध्यातली ठिणगी जमिनीत गळत नसेल, तर तिलाही ती कळत नाही.

ठिणगी ओळखणारं यंत्र
याला एएफडीडी म्हणतात. २०१३ साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. चाचणीत केबलचं इन्सुलेशन मुद्दाम जाळून कोळसा करतात आणि त्यातून ठिणगी पाडतात. २३० व्होल्टवर २.५ ॲम्पियरची ठिणगी १ सेकंदात, १६ ॲम्पियरची ०.१५ सेकंदात तोडावी लागते. ड्रिल मशीनच्या नेहमीच्या ठिणग्यांनी मात्र ते पडता कामा नये.

हे यंत्र नसेल तर?
• स्विचमधून चरचर आवाज, जळका वास, पिवळा पडलेला प्लग, लुकलुकणारा दिवा दिसला की मेन बंद करा, परवानाधारक वायरमन बोलवा.
• वर्षातून एकदा सगळे स्क्रू, सांधे आवळून घ्या. शेतातल्या पंपाची पेटीही विसरू नका.
• धूळ मेन बंद करूनच झाडा.
• एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका. वायर तीच राहते, तीच तापते.

मीटरपर्यंतची लाइन वितरण कंपनी बघते, भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर. मीटरच्या पुढचं वायरिंग मात्र आपलं आपणच बघायचं.