मोजपट्टीची गवसणी : जपानमधील शिवणशिक्षण आणि मापपद्धतीचे स्थित्यंतर

प्रास्ताविक

वाद्य सुरक्षित राहावे म्हणून शिवलेल्या कापडी आवरणास मराठीत गवसणी म्हणतात. जपानमध्ये अशी गवसणी बांबूच्या मोजपट्टीसाठीही शिवली जाते. तिला ‘मोनोसाशी-इरे’ असे नाव आहे. मापपद्धतीचा इतिहास सामान्यतः कायदे व करारांच्या आधारे लिहिला जातो. प्रस्तुत लेखात या घरगुती वस्तूच्या आधारे त्याच इतिहासाचा विचार केला आहे.

वस्तूचे स्वरूप

ही गवसणी म्हणजे कापडाची लांब, अरुंद पट्टी. ती दुमडून दोन्ही कडा शिवतात व तोंडाशी झडप अथवा नाडी ठेवतात. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेले ‘साशिको’ पद्धतीचे धावदोऱ्याचे नक्षीकाम तिच्यावर शोभून दिसते. हे भरतकाम कडा शिवण्यापूर्वीच करावे लागते; एकदा नळी तयार झाली की तीत हात जात नाही. म्हणजेच नक्षीची जागा, शिवणीसाठी सोडायची माया आणि पट्टीची रुंदी या सर्वांचा हिशोब आधीच मांडावा लागतो. मोजमापाच्या साधनाचे आवरण शिवताना मोजमापाचाच अभ्यास होतो.

शिवणशिक्षण आणि स्त्रिया

किमोनो सरळ, आयताकृती तुकड्यांचा बनतो. तो धुण्यासाठी शिवण उसवून पुन्हा शिवण्याची रीत होती. त्यामुळे मोजपट्टी ही घरातील नित्य वापराची वस्तू ठरली. कापडासाठी ‘कुजिराजाकू’ हे स्वतंत्र माप होते. त्याचा एक शाकू सुमारे ३७.८८ सेंटिमीटरचा, तर सुताराचा शाकू ३०.३ सेंटिमीटरचा. कुजिरा म्हणजे देवमासा. या पट्ट्या पूर्वी देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्टिकांपासून बनत, अशी या नावाची उपपत्ती दिली जाते.

१८७९ च्या शिक्षणविषयक आदेशाने मुलींसाठी शिवणाची विशेष तरतूद केली. वातानाबे तात्सुगोरो यांनी १८८१ मध्ये तोक्योत शिवणशिक्षणाची संस्था काढली. तेथील विद्यार्थिनींनी शिवलेल्या छोट्या आकाराच्या नमुना-वस्त्रांचा संग्रह २००० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची लोकसांस्कृतिक संपदा म्हणून घोषित झाला. या शिक्षणामागे ‘सुपत्नी, सुमाता’ घडविण्याचा मर्यादित हेतू होता, हे नाकारता येत नाही. तथापि त्यातूनच मुलींच्या हाती अचूक मापनाचे ज्ञान आले. १९४७ पासून गृहविज्ञान हा विषय पाचवी-सहावीच्या मुलांनाही लागू झाला.

जपानच्या स्त्रीशिक्षणाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या जपान महिला विद्यापीठात गृहविज्ञान हा आरंभापासूनचा विभाग होता. त्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे यांना प्रेरणा मिळाली आणि १९१६ मध्ये भारतीय महिला विद्यापीठ स्थापन झाले.

कायदा आणि हाताचे माप

जपान १८८५ मध्ये मीटर करारात सहभागी झाला. १८९१ च्या कायद्याने शाकूची व्याख्या मीटरच्या आधारे केली व कुजिराजाकूचा वापर केवळ कापडापुरता मान्य केला. १ जानेवारी १९५९ पासून मेट्रिक पद्धत सक्तीची झाली आणि शाकूच्या पट्ट्यांची विक्री दंडनीय ठरली. किमोनो शिवणाऱ्यांची व सुतारांची यामुळे अडचण झाली. गीतकार व नभोवाणी कलावंत एइ रोकुसुके यांनी १९७० च्या दशकात या बंदीविरुद्ध मोहीम चालविली. परिणामी १९७७ मध्ये शासनाने तडजोड स्वीकारली. पट्टीवर खुणा जुन्याच अंतराच्या. मात्र शाकूच्या दहाव्या भागास ‘१/२६.४ मीटर’ असे नाव. मजकूर कायद्याचा, माप हाताचे.

भारतातही १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. कापड मीटरवर विकले जाऊ लागले. परंतु लुगडे ‘नऊवारी’च राहिले. ८.२३ मीटरचे लुगडे कोणी मागत नाही. जपानमध्ये जुने माप टिकविण्यासाठी चळवळ करावी लागली. महाराष्ट्रात ते वस्त्राच्या नावातच टिकून राहिले.

समारोप

प्रमाणीकरण आवश्यक होते; भिन्न मापांमुळे व्यवहारात होणारी फसवणूक त्यामुळे टळते. परंतु माप हे केवळ व्यापाराचे साधन नसून हाताच्या सवयीचा व कौशल्याचाही भाग असते, हे कायदा करताना दुर्लक्षिले गेले. ते कौशल्य बहुतांशी स्त्रियांचे होते आणि घरकामात गणले गेल्याने त्याची नोंद क्वचितच झाली. जपानमध्ये आज शाळकरी मुलांच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीसाठी अनेक घरांत गवसणी शिवली जाते. आतील पट्टी मेट्रिक झाली, आवरण शिवणारा हात मात्र परंपरेचाच आहे. मापांचा इतिहास लिहिताना दप्तरांबरोबरच शिवणाच्या पेटीकडेही साधन म्हणून पाहणे अगत्याचे आहे.