वायुश्वासी मासे

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनबरोबर थेट हवेतला ऑक्सिजनही घेऊ शकणारे मासे. माळव्याच्या गोड्या पाण्यातील मरळ, मांगूर व शिंगी आणि कोकणच्या खाड्यांतील निवटी ही त्यांची परिचित उदाहरणे.

कारण : एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तेवढ्याच पाण्यात १० मिलिलिटरहूनही कमी. पाणी तापले किंवा त्यात पालापाचोळा कुजला, की तो आणखी घटतो. मात्र हवेतला हा साठा साध्या कल्ल्यांना वापरता येत नाही. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मासा गुदमरतो.

श्वसनेंद्रिये : मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांनी भरलेली पोकळी असते. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो व तिथे साठवतो. वर येण्यापासून अडवल्यास पट्टेरी मरळ पाण्यातच गुदमरून मरते. मांगुराच्या कल्ल्यांच्या कमानींवर झुडपासारखी फांद्या फुटलेली इंद्रिये असतात. शिंगीच्या कल्ल्यांपासून दोन लांब वायुकोश पाठीच्या कण्यालगत शेपटीकडे गेलेले असतात. निवटी ओलसर त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून श्वसन करते. ओहोटीच्या वेळी ती कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून परांच्या आधाराने चिखलावर सरकते आणि मधूनच कुशीवर लोळून अंग ओले करते.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे त्याचा बराचसा भाग कल्ले व त्वचेवाटेच बाहेर पडतो. म्हणजे ऑक्सिजन हवेतून घेतला, तरी उच्छ्वासासाठी पाण्याची किंवा निदान ओलाव्याची गरज राहते. म्हणूनच मांगूर एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जातो, तो बहुधा पावसाळी रात्री. त्या वेळी छातीच्या परांचे काटे त्याला आधार देतात.

इंदूर परिसर : शहरालगतचा सिरपूर तलाव व गंभीर नदीवरील यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात काठ उघडे पडणारी माळव्यातली अशी उथळ पाणथळे वायुश्वासी माशांना मानवतात. पाणी आटले, की पट्टेरी मरळ ओल्या चिखलात दडून राहते.

उपयोग व धोका : थोड्या पाण्यातही तग धरत असल्याने मरळ व मांगूर बाजारात जिवंत विकता येतात. शिंगीच्या छातीच्या पराचा काटा विषारी असल्याने ती हाताळताना जपावे लागते. घाण पाण्यात वाढणारा खादाड आफ्रिकी मांगूर स्थानिक माशांना घातक असल्यामुळे भारतात त्याच्या संवर्धनावर बंदी आहे.