बंब कोणाच्या हुकमाने?

नगरांच्या इतिहासाचे अभ्यासक पाणीपुरवठा, गटारे, ट्रामगाड्या यांवर भरभरून लिहितात. अग्निशमन दल मात्र शौर्यकथांपुरते उरते. त्या कथा खऱ्या आहेत, त्यांचा मान राखलाच पाहिजे. तरीही या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाच्या हाती मी आधी एक प्रश्न देईन: आगीच्या ठिकाणी शब्द कोणाचा चालतो, आणि तो अधिकार त्याला कुठून मिळाला?

मुंबईचेच पाहू. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात लागलेल्या आगीने आतल्या वस्तीचा मोठा भाग खाल्ला. पुढे किल्ल्याभोवतीचे मैदान रुंदावले आणि कोटाबाहेर उत्तरेकडे वस्ती वाढत गेली. आग विझवण्याचे काम मात्र दीर्घकाळ पोलिसांकडे होते. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने ते पालिकेची जबाबदारी ठरले. वरवर पाहता हा नुसता खातेबदल; पण नळाचे पाणी, रस्ते आणि बांधकामाची परवानगी पालिकेकडेच असल्यामुळे बंब त्यांच्या जोडीला आला. पहिल्या मोटार-बंबापेक्षा मला ही घटना मोठी वाटते.

हुकूम एकाचा नसला की काय होते, ते १४ एप्रिल १९४४ ने दाखवले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून धूर दिसला. जवान वरून पाण्याचा मारा करत राहिले, तरी आगीचे मूळ हाती लागेना. जहाजाचा पत्रा बाहेरून तापत चालला होता. जहाज बुडवावे की बाहेर न्यावे? कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळातज्ज्ञ, दलाचे प्रमुख सगळे तिथे होते, पण निर्णय झाला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो तो यामुळे.

आज वर्दी आली की नजीकच्या केंद्रातून गाड्या निघतात, आगीची श्रेणी जाहीर होते आणि श्रेणी वाढेल तसा वरचा अधिकारी घटनास्थळी येऊन सूत्रे हाती घेतो. ही उतरंड कागदावरची नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या जुन्या इमारतीच्या आगीत दलाने चार अधिकारी गमावले, त्यांत खुद्द प्रमुख होते. आघाडीवर राहण्याची ही किंमत अभ्यासकाने विसरू नये.

कायद्याची बाजू रुक्ष वाटेल, पण ती टाळू नका. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचा भार मालकावर आणि भोगवटादारावर टाकला, आणि दर जानेवारी व जुलैत तसे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. पुढची प्रकरणे वाचण्याआधी आपल्या सोसायटीकडे ते प्रमाणपत्र मागून पाहा.