जिंकलेल्या किल्ल्यांची यादी

परवा माळा आवरताना एक जुनी टाचणवही हाती लागली. इयत्ता सातवी, इतिहास, सन १९८४. एका पानावर मी स्वतःच्या हाताने तक्ता आखलेला आहे. डावीकडे किल्ल्याचे नाव, उजवीकडे औरंगजेबाने तो घेतल्याचे वर्ष. वसंतगड १६९९, सातारा १७००, परळी १७००, पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड १७०४, तोरणा १७०४. हाच तक्ता मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले निमूट उतरवून घेत.

त्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, त्यानं एवढं गड घेतलं, मग तो हरला कसा?"

मी म्हणालो, "हे परीक्षेला येणार नाही. बस खाली."

वही हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो होतो. त्या मुलाचा प्रश्न पुस्तकापेक्षा मोठा होता आणि मला उत्तर येत नव्हते, एवढेच खरे. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. तेव्हा, वाचकहो, हे उत्तर चाळीस वर्षे उशिरा लिहितो आहे.

औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला तेव्हा त्याचे वय त्रेसष्ट होते. हा मुलूख त्याला नवा नव्हता. तरुणपणी दोनदा तो दख्खनचा सुभेदार होता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. दोन्हीकडे रीत एकच. राजधानीला वेढा घालायचा, सुलतान ताब्यात घ्यायचा, की राज्य संपले. मग १६८९ साली संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत गेले. बादशहाच्या हिशेबाने युद्ध संपले होते.

इथेच खरी चूक झाली असे मला वाटते. राजधानी पडली, राजा गेला, वारस कैदेत, तरी शरण यायला कोणी येईना. राजाराम महाराज जिंजीला निसटले. इकडे रामचंद्रपंत अमात्य कारभार बघतात, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव फौजा घेऊन फिरतात, आणि एकाला गाठावे तर दुसरा शंभर कोस दूर उठतो. त्यात विजापूर-गोवळकोंड्याची जी फौज मोकळी झाली होती तिच्यातले कितीतरी शिपाई मराठ्यांना येऊन मिळाले. दोन राज्ये बुडवून बादशहाने आपल्या शत्रूला माणसे पुरवली म्हणा ना! जिंजीचा वेढा जवळजवळ आठ वर्षे चालला. १६९८ च्या आरंभी जिंजी हाती आली तेव्हा राजाराम महाराज निसटून परत महाराष्ट्राच्या वाटेला लागले होते.

या छावणीचे वर्णन जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने केले आहे. १६९५ साली तो कृष्णाकाठी गलगल्याला बादशहाला भेटला. तीस मैलांचा परिघ, अडीचशे बाजार, हजारो हत्ती-उंट. आकडे त्याने ऐकीव दिले असतील, पण अंदाज येतो. एवढे चालते शहर दिवसाला किती चालणार? त्याला दाणागोटा वंजाऱ्यांचे तांडे उत्तरेतून आणून पुरवत, आणि मराठे नेमके ते तांडे गाठत. छावणीशी समोरासमोर लढण्याचे त्यांना कारणच नव्हते.

त्याच वर्षी दोड्डेरीला, आजच्या चित्रदुर्गाकडच्या भागात, संताजीने कासीमखानाला गाठले. खान एका लहानशा गढीत कोंडला गेला. आत अन्न नाही, जनावरांना चारा नाही. खान अफूच्या आहारी गेलेला होता, तीही मिळेना, आणि तो तिथेच मेला. बाकीच्यांनी खंडणी भरून जीव सोडवून घेतला. पुढच्या वर्षी हिंमतखान मारला गेला. संताजी १६९७ साली आपल्याच लोकांच्या वैरात गेला. ही आपल्याकडची नेहमीची कहाणी. असो.

खरे तर बादशहाने काय करायला हवे होते? हलकी फौज उभारायची, वाटा आणि मुलूख सांभाळायचा, आणि मराठ्यांशी बोलणे लावायचे. त्याने केले उलटेच. १६९९ च्या ऑक्टोबरात, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, भीमाकाठी ब्रह्मपुरीची छावणी सोडून तो जातीने किल्ले घ्यायला निघाला.

पहिला वसंतगड. आमच्या कऱ्हाडजवळ तळबीडला आहे तो. मुलांची सहल घेऊन मी अनेकदा चढलो आहे. तो तीन दिवसांत मिळाला. मग सातारा. एप्रिल १७०० मध्ये सुरुंगाने तट उडवला तो बाहेरच्या बाजूला कोसळला आणि मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक गाडले गेले. तेवढ्यात राजाराम महाराज वारल्याची बातमी आली, तेव्हा किल्लेदाराने किल्ला दिला. परळी पैसे देऊन मिळाली, पन्हाळाही तसाच. विशाळगडाला सहा महिने वेढा, आणि शेवटी परशुराम त्रिंबकांना मोठी रक्कम मोजून १७०२ च्या जूनमध्ये किल्ला ताब्यात. एक तोरणा तेवढा त्याने लाच न देता, लढून घेतला असे जदुनाथ सरकार लिहितात.

जरा थांबून हा व्यवहार बघा. किल्ला चार-सहा महिने लढवायचा, पावसाळा तोंडावर आला की रक्कम घेऊन, सामानसुमानासह सन्मानाने खाली उतरायचे. त्या पैशातून पुढच्या हंगामाची फौज उभी राहते. बादशहाची पाठ वळली की किल्ला परत घ्यायचा. म्हणजे मराठ्यांविरुद्धच्या युद्धाचा काही खर्च मोगलांचा खजिना मराठ्यांनाच देत होता.

विशाळगडाहून परतताना जे झाले ते वाचून अंगावर काटा येतो. ऐन पावसात पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल कापायला अडतीस दिवस लागले. ओढ्यांना पूर, उंट-बैल चिखलात रुतून मेले, तोफा ओढवेनात, लोक उपाशी. त्याआधी १७०० साली माणगंगेच्या पुरात रात्रीची छावणी वाहून गेली होती. त्या गडबडीत पडून बादशहाचा गुडघा निखळला, तो पुढे कायमचा अधू झाला. तरी दरबारात दर किल्ल्यामागे विजयाच्या नौबती झडत होत्या. साताऱ्याचे आझमतारा झाले, सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष. नव्या नावांची यादी वाढत गेली. ती माझ्या टाचणवहीसारखीच होती.

आणि त्याच सुमारास, १७०३ साली, बादशहा पुण्याच्या परिसरात किल्ल्यांत गुंतलेला असताना नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले.

किल्ले मोजता येतात म्हणून तो किल्लेच मोजत राहिला. मुलूख कोणाचा, हे त्या मोजणीत येतच नव्हते. खाफीखान मोगलांचाच इतिहासकार, तोही सांगतो की मराठ्यांनी जागोजाग आपले सुभेदार, कमाविसदार, राहदार नेमले होते. भीमसेन सक्सेना हा मोगलांच्या नोकरीतला माणूस, आयुष्य दक्षिणेत गेलेले. त्याच्या आठवणींतून दिसते की जहागीर कागदावर, वसूल शून्य. मग फौजदाराने करावे काय? तो गुपचूप मराठ्यांशी संधान बांधतो, चौथाई द्यायला तयार होतो आणि उरलेल्यात पोट भरतो. बादशहाचे नोकरच त्याच्या शत्रूला कर देत होते, आणि दरबारात ते सांगण्याची छाती कोणाला नव्हती.

धडा नवा होता का? मुळीच नाही. १६६० साली शाइस्ताखानाला चाकणसारखा भुईकोट घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले होते. डोंगरी किल्ल्यांचे काय होईल ते तेव्हाच कळायला हवे होते. पाच वर्षांनी मिर्झाराजे जयसिंग आले. त्यांनी पुरंदराला वेढा घातला, पण सोबत बोलणेही चालू ठेवले. शिवाजीमहाराजांकडून तेवीस किल्ले घेतले आणि बारा त्यांच्याकडे राहू दिले. मोगलांच्या बाजूने पाहिले तर सबंध युद्धात एवढे पदरात पाडणारा दुसरा सेनापती दिसत नाही. पण पुढच्याच वर्षी आग्र्याला जे घडले त्याने त्या कामावर पाणी पडले. महाराजांना दिल्लेला शब्द बादशहाने पाळला नाही, आणि जयसिंगांची पद्धत पुन्हा कोणी मनापासून वापरलीच नाही.

(व्हिएतनामची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. मे १९६९ मध्ये अमेरिकन फौजेने एक टेकडी दहा दिवस झुंजून, सत्तरेक जवान गमावून घेतली, आणि जूनमध्ये सोडून दिली. शत्रूचे किती मेले याचे आकडे ते रोज देत असत. टेकडीची ती बातमी वाचली तेव्हा मला विशाळगड आठवला.)

समेटाची संधी बादशहाच्या हाताशी, छावणीतच होती. शाहू तिथे लहानाचे मोठे झाले. १७०३ मध्ये शहजादा कामबक्षामार्फत त्यांच्या सुटकेची बोलणी लागली, धनाजींपर्यंत निरोप गेले. पण बादशहाला संशय आला आणि सगळे मोडले. ताराबाईंची बाजूही काही नुसत्या सुटकेने गप्प बसणारी नव्हती, हे मान्य. पण निदान त्या घराण्यातली फूट तेव्हाच बाहेर आली असती.

१७०५ मध्ये वाकिणखेड्याचा, बेरडांच्या गढीचा वेढा हा शेवटचा. त्यानंतर बादशहा आजारी पडला, अहमदनगरला परतला, आणि १७०७ मध्ये तिथेच वारला. तक्त्यातले किल्ले मराठ्यांनी एकेक करून परत घेतले. हा दुसरा तक्ता मी मुलांना कधी लिहून दिला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आझमशहाने शाहूंना सोडले. मग १७१९ साली दिल्लीने दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी सनदा देऊन मान्य केली. बाळाजी विश्वनाथ त्या सनदा घेऊन साताऱ्याला आले. हा तोच सातारा, ज्याचे नाव बादशहाने आझमतारा ठेवले होते.